कामाच्या धन्याला निर्णयाच्या बैठकीत जागा

केडगावच्या शेजारून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग एकोणिसाव्या शतकातला. त्याच मार्गावरील नगर स्थानकातून बीड व परळीकडे फाटा निघावा, ही मागणी कित्येक दशकांची. १९९५ च्या सुमारास अहमदनगर-बीड-परळी या सुमारे २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च साडेतीनशे कोटी रुपयांच्या आसपास होता. नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा सप्टेंबर २०२२ मध्ये खुला झाला. बीडपर्यंतच्या १६६ किलोमीटरवर प्रवासी गाडी धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मंजुरीनंतर तब्बल तीस वर्षांनी. एवढ्या काळात प्रकल्पाचा खर्च चार हजार आठशे कोटींच्या घरात गेला.

ज्या १९९५ साली या मार्गाला मंजुरी मिळत होती, त्याच वेळी सह्याद्रीच्या पलीकडे दुसरे एक रेल्वेचे काम पूर्ण वेगात चालू होते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग. वाटेत नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल आणि करबुडे येथील साडेसहा किलोमीटरचा बोगदा. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. साडेसात वर्षांहूनही कमी अवधी!

एकाच देशात, एकाच राज्यात, एकाच रेल्वे खात्याच्या छायेत दोन कामांच्या नशिबात एवढे अंतर का पडावे? कोकणच्या कातळापेक्षा नगर-आष्टीचा माळ अवघड नाही. अभियंत्यांची विद्या दोन्हीकडे सारखीच. फरकाची कारणे अनेक आहेत आणि त्यांत पैशाचे कारण मोठे आहे. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट सापडते. कोकण रेल्वेच्या कामाला निर्णयाच्या बैठकीत स्वतःची खुर्ची होती. नगर-बीडच्या कामाला मंजुरी होती, खुर्ची नव्हती.

खुर्ची कशी निर्माण झाली

डिसेंबर १९८९ मध्ये केंद्रात सत्तांतर झाले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि प्रा. मधू दंडवते अर्थमंत्री. दोघांचाही कोकणाशी व मुंबईशी निकटचा संबंध. रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून दरसाल थोडे थोडे पैसे काढून हा मार्ग बांधायचा, तर तो पुढच्या पिढीलाच दिसेल, हे उघड होते. म्हणून वेगळा विचार झाला. या एकाच कामासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन करावे, त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के असावा, आणि उरलेला बहुतांश पैसा रोख्यांद्वारे बाजारातून उभारावा. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली.

या महामंडळाच्या शिखरावर कोणाला बसवायचे, हा खरा प्रश्न होता. एखादा ज्येष्ठ प्रशासक बसवून त्याच्या हाताखाली अभियंता देणे, ही नेहमीची रीत. येथे उलटे घडले. रेल्वे बोर्डाचे अभियांत्रिकी सदस्य म्हणून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांना अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक नेमण्यात आले. १९६४ च्या डिसेंबरात आलेल्या चक्रीवादळात रामेश्वरचा पांबन पूल उद्ध्वस्त झाला, तेव्हा सहा महिन्यांचे ठरवलेले दुरुस्तीचे काम ४६ दिवसांत पुरे करणारे तेच अभियंते. प्रकल्प पुरा करणे हे ज्याचे आयुष्यभराचे काम, तोच आता प्रकल्पाच्या तिजोरीचा, माणसांचा आणि वेळेचाही धनी झाला.

सात भाग, सात जबाबदार माणसे

शिखरावरची खुर्ची एकट्याच्या मानासाठी नव्हती. तिच्यातून अधिकार खाली झिरपले. संपूर्ण मार्गाचे सात विभाग पाडण्यात आले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येकाकडे साधारण शंभर किलोमीटरचे काम आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक मुख्य अभियंता. आपल्या टप्प्यातील निर्णय जागेवरच घेण्याचे व्यापक अधिकार त्याला होते. एखाद्या बोगद्यात माती ढासळली, तर उपाय ठरवण्यासाठी फाईल दिल्लीला जाऊन परत येण्याची वाट पाहावी लागत नसे.

जमीन संपादनाचे उदाहरण बोलके आहे. मार्गात ४२ हजारांहून अधिक जमीनधारकांची जमीन येत होती. ते काम १९९१ च्या मार्चमध्ये सुरू झाले आणि बहुतांश जमीन सुमारे वर्षभरात ताब्यात आली. कोकणी माणसाची रेल्वेविषयीची ओढ हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, मोबदला ठरवणारा, तो चुकता करणारा आणि ती जमीन वापरणारा यांच्यात अंतर फार कमी होते. जमीन उशिरा आली तर कोणाचे काम अडणार, हे ज्याला ठाऊक, त्याच्याच हातात ती मिळवण्याची साधने होती.

गोव्यातील मार्गरेषेवरून १९९३ मध्ये मोठा वाद उठला. काम काही काळ थांबवावे लागले व चौकशी आयोग नेमला गेला. अशा वेळी प्रकल्पप्रमुख खालच्या पायरीवर असता, तर त्याची बाजू तीन-चार अधिकाऱ्यांच्या तोंडून गाळून वर गेली असती. येथे प्रकल्पप्रमुख स्वतःच मंत्र्यांसमोर व आयोगासमोर उत्तरदायी होता. थांबण्याची किंमत किती आणि मार्ग बदलण्याची किंमत किती, हे आकडे त्याच्यापाशी होते.

दिल्लीने हाच धडा पुढे गिरवला. १९९७ मध्ये श्रीधरन दिल्ली मेट्रोचे व्यवस्थापकीय संचालक झाले. डिसेंबर २००२ मध्ये पहिला टप्पा धावू लागला. तेथे कामाच्या ठिकाणी उलटे मोजणारी घड्याळे लावलेली असत आणि दर सोमवारी विभागप्रमुखांची बैठक होत असे. उलटे घड्याळ कोणीही लावू शकतो. त्यावरचा आकडा घटत असताना पैसा, माणसे व मंजुरी हलवण्याची ताकद बैठकीत असली, तरच त्या घड्याळाला अर्थ येतो.

नगर-बीडची तुलना न्याय्य आहे का?

येथे नगर-बीडच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कोकण रेल्वेला बाजारातून कर्ज उभारण्याची मुभा होती. नगर-बीड-परळी मार्ग दरवर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून राहिला. पुढे राज्य शासनाने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले, तेव्हा दोन तिजोऱ्यांची सांगड घालण्याचे काम वाढले. जमीन संपादन दोन जिल्ह्यांत पसरलेले होते. मध्य रेल्वेच्या बांधकाम विभागाकडे हे एकच काम नव्हते, त्याच्या टेबलावर अशी अनेक कामे होती.

परंतु नेमके हेच तर मूळ दुखणे आहे. निधी, जमीन, राज्याचा वाटा, निविदा या चारही गोष्टी चार ठिकाणी ठरत होत्या आणि त्या चारही ठिकाणी केवळ या मार्गासाठी बसलेला असा कोणीही नव्हता. मार्गावर मेहनत करणारे अभियंते होते, पाठपुरावा करणारे लोकप्रतिनिधी होते, आंदोलने करणारे नागरिक होते. मात्र अमुक तारखेला गाडी बीडला पोहोचली नाही तर जाब कोणाला विचारायचा, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नव्हते. ज्या घरात पाहुण्यांना सगळेच पाणी देणार असतात, त्या घरातला पाहुणा तहानलेला राहतो.

हे शासनालाही उमगले आहे. केंद्रात मार्च २०१५ मध्ये ‘प्रगती’ ही व्यवस्था सुरू झाली. तीत पंतप्रधान स्वतः केंद्रीय सचिव व राज्यांचे मुख्य सचिव यांना एकाच वेळी समोर घेऊन रखडलेल्या प्रकल्पांचा आढावा घेतात. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात मोठ्या प्रकल्पांसाठी ‘वॉर रूम’ आहे. या दोन्हींचा अर्थ एकच: प्रकल्पाला वरच्या बैठकीत नित्याची जागा नसेल, तर निदान ठरावीक दिवशी तरी ती द्यावी लागते.

खासगी उद्योगांतील रिकामी खुर्ची

सरकारी कामांवर टीका करणे सोपे असते. आपल्या उद्योगांत, कारखान्यांत, पेढ्यांत काय चालते? बहुतेक कंपन्यांच्या वरच्या बैठकीत विक्रीप्रमुख असतो, उत्पादनप्रमुख असतो, हिशेबप्रमुख असतो. नव्या कारखान्याची उभारणी करणारा प्रकल्पप्रमुख मात्र बाहेर बाकावर अहवाल हातात घेऊन बसलेला असतो. बोलावले की आत जायचे, किती टक्के काम झाले ते सांगायचे आणि परत यायचे. निविदेचा दर, यंत्राची निवड, पैशांचे हप्ते हे सर्व त्याच्या अपरोक्ष ठरते. तारीख चुकली की बोलणी मात्र त्याला.

कायद्याची रचनाही पाहण्याजोगी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०३ नुसार प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला, तसेच दहा कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या सार्वजनिक कंपनीला पूर्णवेळ प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी नेमावे लागतात. त्यांत व्यवस्थापकीय संचालक किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी येतो, कंपनी सचिव येतो आणि मुख्य वित्तीय अधिकारी येतो. पैसा व कायदेपालन यांना कायद्याने मानाचे पान मांडले. प्रकल्पाला मांडले नाही. तथापि, २०१७ च्या दुरुस्तीने एक दार उघडले. संचालकांच्या खाली एका पायरीपेक्षा अधिक दूर नसलेल्या पूर्णवेळ अधिकाऱ्याला संचालक मंडळ प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी म्हणून घोषित करू शकते. नवी उभारणी हाती घेणाऱ्या कंपनीला आपल्या प्रकल्पप्रमुखासाठी या तरतुदीचा उपयोग करता येतो.

सार्वजनिक उपक्रमांनी हा मार्ग पूर्वीच धरला आहे. एनटीपीसीसारख्या कंपनीच्या संचालक मंडळावर ‘संचालक, प्रकल्प’ असे स्वतंत्र पद असते. नागपूर व पुण्याची मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रोतही ते पद आहे. ज्या संस्थेचे अस्तित्वच बांधकामावर अवलंबून आहे, तिला ही खुर्ची रिकामी ठेवणे परवडत नाही.

उशिराची खतावणी

प्रकल्पप्रमुखाला वर बसवणे हा मानपानाचा विषय नसून व्याजाचा विषय आहे. समजा, एखाद्या उद्योजकाने नव्या कारखान्यासाठी दहा कोटींचे मुदत कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले. सर्व रक्कम उचलून झाल्यावर उत्पादन सहा महिने लांबले, तर केवळ व्याजाचे पन्नास लाख रुपये मातीत गेले. त्या सहा महिन्यांत न झालेली विक्री, बसून राहिलेल्या कामगारांचा पगार आणि निघून गेलेला हंगाम हे वेगळेच. पन्नास लाखांचा हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही, म्हणून तो कोणी मंजूरही करत नाही व नामंजूरही करत नाही. तो नुसता होतो.

बँका आता या बाबतीत पूर्वीपेक्षा कडक झाल्या आहेत. कर्ज मंजूर करतानाच व्यावसायिक उत्पादन कोणत्या तारखेला सुरू होणार, हे नोंदवले जाते. रिझर्व्ह बँकेने १९ जून २०२५ रोजी प्रकल्प-कर्जांविषयी नवे निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. त्यानुसार कर्जाची प्रत टिकवून ठेवून ही तारीख पुढे ढकलायची, तर पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांना जास्तीत जास्त तीन वर्षे आणि इतर प्रकल्पांना दोन वर्षे एवढीच मर्यादा आहे. तारीख जितकी लांबेल, तितकी बँकेला अधिक तरतूद करावी लागते. म्हणजे तारखेची जबाबदारी बँकेच्या लेखी थेट मालकावर आहे. मग त्या तारखेचा रोजचा राखणदार मालकाच्या बैठकीत नसावा, हे व्यवहाराला धरून नाही.

वाईट बातमीचेही असेच आहे. पाया खणताना पाणी लागले, यंत्राचा पुरवठादार टाळाटाळ करू लागला, वीजजोडणीचा अर्ज अडकला, ही वार्ता पहिल्या आठवड्यात कळली तर उपाय स्वस्त असतो. तीच वार्ता तीन टेबले ओलांडून तिसऱ्या महिन्यात वर पोहोचली, तर उपाय महाग पडतो. वर बसलेला प्रकल्पप्रमुख ही बातमी ताजी असतानाच सांगू शकतो. खाली बसलेला ती दडवतो, कारण तिच्यावर उपाय करण्याचा अधिकार त्याला नसतो आणि दोष मात्र त्याच्याच माथी येतो.

नाण्याची दुसरी बाजू

कोकण रेल्वेचे गुणगान करताना तिने मोजलेली किंमत विसरता येणार नाही. पाच वर्षांचे मूळ उद्दिष्ट प्रत्यक्षात पुरे झाले नाही. गोव्यातील पेडणे येथील मऊ मातीच्या बोगद्याने शेवटपर्यंत दमवले. बांधकामात अनेक कामगारांनी प्राण गमावले. रत्नागिरी स्थानकावर त्यांचे स्मारक उभे आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर दरड कोसळून रेल्वेगाडीला अपघात झाला व पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर डोंगरउतारांवर जाळ्या, संरक्षक भिंती, पावसाळी गस्त व कमी वेगाचे स्वतंत्र पावसाळी वेळापत्रक यांवर मोठा भर द्यावा लागला. बाजारातून घेतलेल्या कर्जाच्या व्याजाचा बोजाही महामंडळाच्या जमाखर्चावर दीर्घकाळ राहिला आणि शेवटी भांडवलाची पुनर्रचना करावी लागली.

यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. प्रकल्पप्रमुखाला खुर्ची द्यावी, पण बैठकीतल्या इतर खुर्च्या काढून घेऊ नयेत. जो पुढे ते चालवणार, जो त्याची देखभाल करणार, जो कर्ज फेडणार, ते सर्व त्याच बैठकीत हवेत. बांधणारा घाईचा वकील असतो, ते त्याचे कामच आहे. उतार किती तिरपा ठेवायचा, पाण्याचा निचरा कसा व्हावा, हप्ता कितीचा झेपेल, हे विचारणारेही समोर बसलेले असले, म्हणजे निर्णय तोलून होतो.

पेढीवर हे कसे उतरवावे?

नगर औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना असो, केडगाव परिसरातले एखादे गोदाम असो, की कुटुंबाने मिळून उभारायचे रुग्णालय असो, खर्चाचा आकडा बदलतो, तत्त्व तेच राहते. कुटुंबातल्या व्यवसायात बहुधा असे होते की, बांधकामावर धाकट्या बंधूंना किंवा चिरंजीवांना ‘लक्ष ठेवायला’ पाठवले जाते. सिमेंटच्या गोण्या मोजणे त्यांच्याकडे, धनादेशावर सही मोठ्या भावाची, ठेकेदाराशी बोलणी काकांची आणि फरशीची निवड घरातल्या सर्वांची. मग वर्षभराने विचारले जाते, काम का रेंगाळले?

यावर उपाय साधा आहे, मात्र तो कागदावर लिहिलेला हवा. प्रकल्पाचा एकच प्रमुख नेमावा. तो घरचा असो वा पगारी, त्याचे नाव सर्वांना ठाऊक असावे. किती रकमेपर्यंत तो स्वतः मंजुरी देऊ शकतो, हे आधीच ठरवावे. त्याहून मोठी रक्कम असल्यास किती दिवसांत होकार वा नकार मिळेल, तेही ठरवावे. वडीलधाऱ्यांच्या आठवड्याच्या बैठकीत त्याला बाकावर न बसवता बरोबरीने बसवावे आणि त्याचा अहवाल पहिल्यांदा ऐकावा. आराखड्यात बदल सुचवणाऱ्याने त्या बदलाने किती पैसे व किती दिवस वाढतील, हे त्याच्याकडून ऐकल्यावरच आग्रह धरावा. आणि काम पुरे झाल्यावर ते चालवणारा माणूस पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत असावा.

यांतली सर्वांत कठीण अट शेवटी सांगायची ती मोठ्यांसाठी आहे. अधिकार दिल्यावर परत हात घालायचा नाही. अध्यक्ष म्हणून श्रीधरन यांनी जसे मुख्य अभियंत्यांना निर्णय घेऊ दिले, तसे घरच्या कर्त्यानेही आपण नेमलेल्या माणसाला घेऊ द्यावेत. हिशेब विचारावा, आठवड्याला विचारावा, कसून विचारावा. पण त्याच्या पाठीमागून ठेकेदाराला परस्पर फोन करू नये. ज्या दिवशी ठेकेदाराला कळते की खरा निर्णय दुसऱ्याच घरात होतो, त्या दिवसापासून प्रकल्पप्रमुख नावापुरता उरतो आणि कामाची तारीख कोणाचीच राहत नाही.

नगरहून निघालेला लोहमार्ग आता बीडच्या पुढे परळीकडे जायचा आहे. जिल्ह्यात आणखी रस्ते, पाणीयोजना, कारखाने, दवाखाने उभे राहायचे आहेत. त्यांतल्या प्रत्येकाच्या भूमिपूजनाच्या कोनशिलेवर अनेक मान्यवरांची नावे कोरली जातील. नागरिकांनी, भागधारकांनी आणि घरातल्या थोरामोठ्यांनीही त्या वेळी आणखी एक नाव विचारून घ्यावे. हे काम ठरल्या दिवशी पुरे करण्याची जबाबदारी कोणाची, आणि निर्णय होतात त्या बैठकीत तो बसतो का?